दिनविशेष कुणाचा? २६ मार्चच्या निमित्तानं

मैत्रिणींनो, वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, शाळेच्या परिपाठात आणि आता सकाळी सकाळी मोबाईलवर येणाऱ्या निरोपांतही 'दिनविशेष' नावाचं एक सदर असतं. आज कोण जन्मलं, कोण वारलं, कुठे तह झाला, कुठला शोध लागला, एवढंच त्यात असतं. जागा ठरलेली, सुविचाराच्या खाली आणि राशिभविष्याच्या वर. भांडायच्या तयारीनं ते कुणी वाचत नाही. मी वाचते. कारण इतिहासाची जाडजूड पुस्तकं वाचणारे मूठभर असतात, पण परिपाठाला रांगेत उभं राहून दिनविशेष ऐकलेली मुलं गावोगाव आहेत. इतिहास म्हणून बहुतेकांच्या कानावर आयुष्यभर जे पडतं, ते या चार ओळीच.

या सदरात बायका फार कमी असतात, अशी तक्रार आपण पूर्वीपासून करतो. ती खरी आहे, पण अपुरी आहे. पहिली महिला वैमानिक, पहिली महिला न्यायाधीश, पहिली महिला अमुक आणि तमुक अशा नोंदी वाढवल्या की ती तक्रार भागते, आणि गेल्या काही वर्षांत ती तशी भागवलीही जाते आहे. माझी तक्रार वेगळी आहे. बायकांवर जे केलं गेलं ते कुणी केलं, आणि बायकांनी जे केलं ते त्यांनीच केलं, या दोन्ही गोष्टी या सदराच्या वाक्यांतून गाळल्या जातात. तिथे सगळं आपोआप 'होतं'. अत्याचार झाला, आंदोलन झालं, पाऊस झाला!

हे हवेत बोलून उपयोग नाही, म्हणून एकच तारीख घेते: २६ मार्च. ८ मार्च मुद्दाम घेत नाही, ३ जानेवारीही नाही. त्या तारखा आपण लढून मिळवल्या आहेत, आणि आता त्या दिवशी साड्यांच्या दुकानांतही आपल्या नावानं सवलत असते. २६ मार्चला कुणी आपल्याला फूल देत नाही. ८ मार्चच्या धावपळीचा शीण उतरलेला नसतो, आणि ज्या संस्थांत काम करतात त्या मैत्रिणी मार्चअखेरची व्हाउचरं जुळवत बसलेल्या असतात. आपल्या कॅलेंडरवर ही तारीख कोरी आहे.

नेहमीच्या दिनविशेषात मात्र ती भरलेली असते. १८२७ साली व्हिएन्नात संगीतकार बेथोवन यांचं निधन. १९०७ साली कवयित्री महादेवी वर्मा यांचा जन्म. १९५३ साली डॉ. जोनास साल्क यांनी अमेरिकेत रेडिओवरून पोलिओच्या लसीची माहिती दिली. १९७१ साली बांगलादेशाच्या स्वातंत्र्याची घोषणा. १९७९ साली वॉशिंग्टनला इजिप्त आणि इस्रायल यांचा शांतता करार. यातलं काही खोटं नाही, आणि बेथोवनशी तर माझं अजिबात वैर नाही. साल्क यांच्या लसीनं किती आयांचा घोर मिटवला हेही मला ठाऊक आहे. पण ती लस उपयोगी पडते की नाही हे तपासताना ज्या मानवी पेशी वापरल्या गेल्या, त्या हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय बाईच्या होत्या, तिला न विचारता काढून घेतलेल्या. ती १९५१ साली वारली. साल्क यांच्या ओळीत तिला जागा नाही.

महादेवींना ओळ आहे, म्हणून समाधान मानायचं का? त्यांच्या नावापुढे हटकून 'आधुनिक मीरा' असं लिहिलेलं असतं. लहानपणी लावून दिलेलं लग्न त्यांनी मोठेपणी मानलं नाही, संसार केला नाही. अलाहाबादला प्रयाग महिला विद्यापीठ त्यांनी नावारूपाला आणलं. १९४२ साली 'शृंखला की कड़ियाँ' हे त्यांचं निबंधांचं पुस्तक आलं. पत्नीपण म्हणजे काय, विधवेचं काय, शरीर विकावं लागणाऱ्या बाईचं काय, बाईच्या हातात स्वतःचा पैसा का नाही, असे प्रश्न त्यात थेट विचारलेले आहेत. सिमोन द बोव्हार यांचं 'द सेकंड सेक्स' यायला तेव्हा अजून सात वर्षं होती. आपल्या शिबिरांत आपण बोव्हार वाचतो, ते योग्यच आहे, पण शेजारच्या भाषेतल्या या बाईला भक्तीच्या देव्हाऱ्यात बसवून कुलूप कुणी घातलं? नवरा नाकारणाऱ्या बाईचं काय करायचं हे कळेना, की तिला मीरा करून टाकायचं. मीरेवरही तो अन्यायच.

आता बांगलादेश. २५ मार्च १९७१ च्या रात्री पाकिस्तानी सैन्य ढाक्यात घुसलं. विद्यापीठाच्या वसतिगृहांवर हल्ले केले, त्यात मुलींचं रोकेया हॉलही होतं. २६ तारखेला स्वातंत्र्याची घोषणा झाली आणि पुढचे नऊ महिने सैनिकांनी आणि त्यांच्या स्थानिक साथीदारांनी बायकांवर बलात्कार केले. सरकारी आकडा दोन लाखांचा आहे, काही अंदाज चार लाखांपर्यंत जातात. स्वतंत्र देशाच्या सरकारनं या बायकांना 'बीरांगना' अशी पदवी दिली. हेतू चांगला होता. पण ती पदवी घेऊन घरी गेलेल्या बाईला घरानं आत घेतलं नाही, आणि गावानं त्याच शब्दाची शिवी केली. हातात बंदूक घेतलेल्या पुरुषाला मुक्तियोद्धा म्हणून मान आणि निवृत्तिवेतन सुरू झालं. या बायकांना मुक्तियोद्धा म्हणून सरकारी मान्यता मिळायला सुरुवात झाली ती २०१५ साली. शिल्पकार फिरदौसी प्रियभाषिणी यांनी आपल्यावर काय झालं ते उघडपणे सांगितलं होतं. त्यांना २०१६ साली ही मान्यता मिळाली, आणि २०१८ च्या मार्चमध्ये त्या गेल्या. स्वातंत्र्यदिनाच्या ओळीत देश जन्मतो. तो कुणाच्या अंगावरून चालत जन्मला, ते कंसातसुद्धा येत नाही.

याच तारखेची आणखी एक गोष्ट युरोपातली. २६ मार्च १९४२ ला ऑशविट्झच्या छळछावणीत पहिल्यांदा बायका आणल्या गेल्या. राव्हेन्सब्रुकच्या छावणीतून सुमारे हजार, आणि स्लोव्हाकियातल्या पोप्राद गावाहून सुमारे हजार ज्यू मुली. बहुतेक अविवाहित, कितीतरी अजून विशीच्या आतल्या. काही महिने कारखान्यात काम करायचं आहे, असं सांगून त्यांची नावनोंदणी केली होती. देशाचं काम म्हणून आईबापांनी कपडे भरून दिले, मुली आगगाडीत बसल्या. स्लोव्हाकियाच्या सरकारनं पाठवलेल्या ज्यू माणसांमागे दर माणशी पाचशे मार्क जर्मनीला दिले. आपल्याच मुली नेण्यासाठी वर पैसे! ऑशविट्झची जी तारीख जगाला पाठ आहे ती २७ जानेवारी १९४५ ची, सोव्हिएत सैन्य पोचलं त्या दिवसाची. सोडवणारे आले तो दिवस लक्षात राहतो. मुलींना कुणी सही करून धाडलं, तो दिवस शोधून काढावा लागतो.

परदेशाचं पुरे. आपल्या देशातल्या दोन गोष्टी सांगायच्या आहेत, आणि हा लेख खरा त्यांच्यासाठीच आहे.

२६ मार्च १९७४. तेव्हाच्या उत्तर प्रदेशात, आताच्या उत्तराखंडात, चमोली जिल्ह्यात रैणी नावाचं गाव आहे. गावाजवळच्या जंगलातल्या सुमारे अडीच हजार झाडांचा सरकारनं लिलाव केला होता. झाडं तोडायला विरोध होणार हे सरकारला ठाऊक होतं, कारण वर्षभरापूर्वी याच जिल्ह्यात मंडल इथे चंडीप्रसाद भट्ट यांच्या संघटनेनं कंत्राटदाराला परत पाठवलं होतं. म्हणून २६ तारखेला बेत असा झाला: सैन्यासाठी घेतलेल्या जमिनींची अनेक वर्षं थकलेली भरपाई नेमकी त्या दिवशी चमोलीला वाटायची, म्हणजे गावातले पुरुष तिकडे जातील. भट्टांना वन अधिकाऱ्यांनी गोपेश्वरला बोलण्यात गुंतवून ठेवायचं. गाव मोकळं!

या बेतात बायकांचा हिशेब कुणी धरलाच नव्हता. तो धरावा असं त्यांना वाटलंही नसेल. मजूर जंगलाकडे निघालेले एका लहान मुलीनं पाहिले आणि ती धावत गौरादेवींकडे गेली. गौरादेवी पन्नाशीच्या आसपासच्या, तरुणपणीच विधवा झालेल्या, गावच्या महिला मंगल दलाच्या प्रमुख. चुलीवरचं तसंच टाकून सत्तावीस बाया-मुली निघाल्या. समोर दारू प्यायलेली माणसं, एकाच्या हातात बंदूक. गौरादेवी हलल्या नाहीत. हे जंगल आमचं माहेर आहे, असं त्या म्हणाल्या. सासुरवाशिणीला माहेर म्हणजे काय ते आपल्याला वेगळं सांगायला नको. रात्रभर त्यांनी पहारा दिला. पुरुष परतले ते दुसऱ्या दिवशी. पुढे सरकारनं समिती नेमली, समितीनं बायकांचं म्हणणं बरोबर ठरवलं, आणि अलकनंदेच्या वरच्या खोऱ्यात दहा वर्षं झाडं तोडायला बंदी आली.

दिनविशेषात ही तारीख कधीमधी येते. कशी? 'रैणी येथे चिपको आंदोलन झाले.' कुणी केलं? पाठ्यपुस्तकातल्या चौकटीत सुंदरलाल बहुगुणांचं आणि भट्टांचं नाव पहिल्यांदा येतं. दोघेही मोठे होते, त्यांच्या कामाबद्दल माझ्या मनात आदरच आहे. भट्टांना १९८२ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला, बहुगुणांना २००९ साली पद्मविभूषण. पण २६ मार्चला त्या जंगलात दोघांपैकी कुणीही नव्हतं. त्या दिवसापुरती तरी ओळ गौरादेवींच्या नावानं सुरू व्हायला नको का? त्या १९९१ साली गेल्या. ७ फेब्रुवारी २०२१ ला ऋषिगंगेला लोंढा आला, रैणीजवळचा जलविद्युत प्रकल्प वाहून गेला, दोनशेच्या वर माणसं मेली किंवा बेपत्ता झाली. तेव्हा वृत्तवाहिन्यांना रैणी गाव आठवलं. त्या डोंगरात काय बांधू नये, हे तिथल्या बायकांना त्याआधी कुणी विचारलं होतं?

दुसरी गोष्ट आपल्या महाराष्ट्रातली. २६ मार्च १९७२, रात्रीचे साडेदहा वाजून गेलेले. जागा देसाईगंजचं पोलीस ठाणं, तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यात, आता गडचिरोलीत. आपण जिला मथुरा म्हणून ओळखतो ती चौदा ते सोळा वर्षांची, मजुरी करणारी, आईबाप नसलेली आदिवासी मुलगी तिथे का होती, हे आपणही फारसं बोलत नाही. तिचं एका मुलाशी जमलं होतं. घरच्यांनी त्या मुलावर आणि त्याच्या नातेवाइकांवर पळवून नेल्याची तक्रार दिली होती, म्हणून सगळ्यांनाच ठाण्यात बोलावलं होतं. म्हणजे मुलगी आपल्या पसंतीनं चालली की आधी घर तिला अडवतं आणि मग घर पोलिसांना बोलावतं. पळून जाऊन लग्न करणाऱ्या मुलींच्या बाबतीत आजही पहिला थांबा ठाणंच असतं. जबाब झाले. बाकीच्यांना बाहेर काढलं, तिला मागे ठेवून घेतलं. दार बंद झालं, दिवे गेले. बाहेर आलेल्या तिनं लोकांना सांगितलं, की ठाण्यातल्या शिपायानं तिच्यावर बलात्कार केला आणि दुसऱ्यानं तिच्या अंगाशी चाळे केले.

पुढचं तुम्हाला माहीत आहे, तरी तारखा एकदा सलग ऐका. १९७४ साली सत्र न्यायालयानं दोघांना सोडलं आणि तिला खोटारडी ठरवलं. तिला संभोगाची सवय होती, असंही म्हटलं. १९७६ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं हा निकाल फिरवला. भीतीनं गप्प राहणं म्हणजे संमती नव्हे, असं बजावून एकाला पाच वर्षं आणि दुसऱ्याला एक वर्ष शिक्षा दिली. १५ सप्टेंबर १९७८ ला सर्वोच्च न्यायालयानं दोघांना पुन्हा सोडलं. अंगावर जखमा नाहीत, तेव्हा प्रतिकार केल्याचं सांगणं खोटं, जे घडलं ते शांततेत घडलं, असा तर्क. रात्री, ठाण्यात, वर्दीपुढे, एकटी मुलगी. आणि शांतता! एका वर्षानं उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धगमवार आणि रघुनाथ केळकर या चार कायदेतज्ज्ञांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. १९८० च्या जानेवारीत मुंबईत बलात्कारविरोधी मंच उभा राहिला, ८ मार्चला देशभर बायका रस्त्यावर आल्या. १९८३ साली कायदा बदलला: पोलीस कोठडीसारख्या ठिकाणी संभोग झाल्याचं सिद्ध झालं आणि बाई म्हणाली की माझी संमती नव्हती, तर न्यायालयानं ती नव्हती असंच धरायचं. अलीकडे कायद्यांची नावं बदलली, ही तरतूद राहिली. तिच्या वैद्यकीय तपासणीत जी दोन बोटांची चाचणी झाली होती, ती करणाऱ्यांना गैरवर्तनाबद्दल दोषी धरू, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२२ साली सांगितलं. म्हणजे बरोबर पन्नास वर्षांनी.

ज्या रात्रीनं देशाचा कायदा बदलला, ती रात्र दिनविशेषात नाही. मी आमच्या भागातल्या एका शाळेत हे सुचवून पाहिलं. मुख्याध्यापक सभ्य गृहस्थ. म्हणाले, "ताई, लहान मुलांपुढे हे कसं वाचायचं?" मुलं ६ ऑगस्टला हिरोशिमा वाचतात. फाशीचे दिवस वाचतात, गोळीबार वाचतात, जालियनवाला बाग वाचतात. मुलांना मरण चालतं, बाईवरचा अत्याचार तेवढा चालत नाही. पाचवीच्या मुलांना समजेल अशा भाषेत सांगता येतं, की ठाण्यातल्या पोलिसांनी एका मुलीला रात्री एकटीला अडकवून ठेवलं आणि तिचं म्हणणं न्यायालयानं खरं धरलं नाही, म्हणून हजारो बायकांनी मोर्चे काढून कायदा बदलायला लावला. यात न सांगण्यासारखं काय आहे?

आपल्यातल्याच एका वकील मैत्रिणीचा आक्षेप जास्त वजनदार होता. 'करणाऱ्याचं नाव घाला म्हणतेस, पण ते शेवटी निर्दोष सुटले. कसं लिहिणार?' माझं उत्तर असं की जे कागदावर आहे तेच लिहू, फक्त प्रत्येक क्रियापदाला धनी देऊ. पोलिसांनी तिला मागे ठेवून घेतलं. उच्च न्यायालयानं दोघांना दोषी ठरवलं. सर्वोच्च न्यायालयानं सोडलं. बायकांनी कायदा बदलून घेतला. 'मुलीवर बलात्कार झाला' या वाक्यात व्याकरणानं कर्ता कोण ठरतो ते शाळेतल्या बाईंना विचारा. बलात्कार! करणारा वाक्याच्या बाहेर उभा राहून विडी ओढतो आहे.

आणि तिचं नाव? यावर आमच्या बैठकीत पुष्कळ वाद झाला, तो अजून मिटलेला नाही. कायद्याच्या पुस्तकात हा खटला आरोपीच्या नावानं आहे, 'तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य'. आपण मात्र घोषणांत, पोस्टरांवर, पथनाट्यांत तिचं नाव घेतलं, आणि ते घेण्याआधी तिला कुणी विचारलं नव्हतं. पीडितेची ओळख छापायला १९८३ च्या त्याच दुरुस्तीनं बंदी आली. ती आधी असती तर आपल्यालाही ते नाव कळलं नसतं. काही मैत्रिणी म्हणतात, नाव पुसणं म्हणजे तिला पुन्हा एकदा गप्प करणं. मला तसं वाटत नाही. दिनविशेषात जागेचं नाव येऊ दे, देसाईगंज पोलीस ठाणं. लाज वाटायची असेल तर त्या इमारतीला वाटू दे.

२६ मार्चमध्ये काही जादू आहे, असं मात्र कुणी समजू नका. रैणी आणि देसाईगंज एकाच तारखेला येणं हा योगायोग आहे. कुठलीही तारीख खणली तरी असंच काही वर येईल. पण या दोन तारखा आपल्याला मिळाल्या कशा, ते बघा. एकीकडे वनखात्याचा लिलाव होता, दुसरीकडे ठाण्याची डायरी. सरकारी कागद आडवा आला, म्हणून तारीख राहिली. जिथे कागद नव्हता तिथली दारूची भट्टी बायकांनी कोणत्या दिवशी फोडली, पाणवठा कधी खुला करून घेतला, हे त्यांनाच विचारलं तर त्या सांगतात, 'मोठ्या दुष्काळाच्या साली, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी.'

म्हणून पुढच्या अंकापासून आपलं स्वतःचं दिनविशेषाचं पान सुरू करावं, असं मी संपादक मंडळाला सुचवलं आहे. तुमच्या तालुक्यातली एक तरी नोंद पाठवा. इंग्रजी तारीख नसेल तर तिथी चालेल, बाजाराचा वार चालेल, कुणाच्या बाळंतपणाची खूणही चालेल. चार ओळींहून जास्त नको. आणि 'झाला, झाली, झाले' अशी वाक्यं आली तर ती कुणी केलं ते विचारायला तुमच्याकडे परत पाठवली जातील, त्याचा राग मानू नका.